रस्ता दाबायला आलेली शूलान

ग्वान शूलान या बाईंची आणि माझी ओळख आमच्या वस्तीतील प्रौढांच्या वर्गात झाली. तसे आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, त्या वरच्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर, परंतु जिन्यात गाठ पडली असता "जेवलात का?" असे विचारण्यापलीकडे आमचा संबंध नव्हता. वर्गात बाक एकच मिळाला आणि मग त्या मला हळूहळू कळू लागल्या. पुढे जे लिहिले आहे ते त्यांनीच मला सांगितलेले आहे, आणि ते लिहिण्यास त्यांची संमती आहे.

वर्ग घेणाऱ्या ये बाई प्रत्येकाला आपल्या आयुष्यातला एक शब्द सांगण्यास सांगत आणि तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून देत. कोणी नातवाचे नाव सांगे, कोणी आपल्या कारखान्याचे. शूलानबाईंची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या, "रस्ता दाबणे."

सारा वर्ग हसला.

"आजी, या वयात?" मागच्या बाकावरून फू म्हातारे ओरडले. "कोणाबरोबर जाणार, ते तरी कळू द्या!"

"तुमच्याबरोबर नक्की नाही. तुम्हांला जिना चढताना धाप लागते."

ये बाईंनी हसू आवरून अक्षरे लिहिली. शूलानबाई फळ्याजवळ गेल्या आणि पहिल्या अक्षराकडे निरखून पाहू लागल्या. चिनी लिपीत या शब्दातले दाबणे हे अक्षर आधी येते आणि त्याच्या पोटात माती हे अक्षर असते. ते त्यांनी ओळखले आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "बरोबर आहे. खाली माती आहे. मी काही अगदीच चुकले नव्हते."

त्या काय चुकल्या नव्हत्या, हे त्या दिवशी कोणालाच कळले नाही.

आमच्या हार्बिन शहरात तरुण मुलगा आणि मुलगी एकमेकांच्या ओढीने नुसतीच रस्त्याने फिरतात, त्याला रस्ता दाबणे असे म्हणतात. रोलर जसा पुढे जातो, मागे येतो आणि पुन्हा पुढे जातो, तशीच ही जोडी. शूलान तरुण होती त्या काळी एका खोलीत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे झोपत. दोन शब्द एकांतात बोलायचे तर रस्त्यावाचून जागा नव्हती. त्यातही आमचा दगडी रस्ता सर्वांच्या आवडीचा. तो सरळ नदीपर्यंत जातो. एका टोकापासून निघायचे, नदीचे पाणी पाहायचे, परत फिरायचे. कोणी विचारले तर सांगायचे, रस्ता दाबायला गेलो होतो. शहरात जन्मलेल्या माणसाला हा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

शूलान शहरात जन्मलेली नव्हती. ती बायान तालुक्यातल्या एका खेड्यातून आली होती आणि रस्तेदुरुस्तीच्या टोळीत कामाला लागली होती. तिच्या दृष्टीने दाबणे म्हणजे दाबणेच होते. तिच्या हातात धुम्मस असे. वाळू पसरायची, धुम्मसाने ठोकून बसवायची, मग पुरुषांनी त्यावर पावाच्या आकाराचे ते दगड उभे रोवायचे, हे तिचे रोजचे काम. त्या वर्षी लिलाक फुलले होते तेव्हा टोळी दगडी रस्त्यावर आली. कुठेतरी खाली नळ फुटून जमीन खचली होती, म्हणून दगड उपसून पुन्हा बसवायचे होते. टोळीचे मुकादम कुंग उस्ताद. त्यांचा आवाज असा होता की ते रागावले की कबुतरे उडत.

त्याच रस्त्याच्या कोपऱ्यामागे पावाची भट्टी होती. तिथला एक कारागीर, पेइ योंगशान, दुपारच्या सुट्टीत करपलेले पाव टोपलीत घालून टोळीसाठी घेऊन येई. पाव हातात देण्यापूर्वी तो उलटा करून बुडावर बोटांच्या पेरांनी टकटक करायचा आणि कानाशी धरायचा. भट्टीतल्या लोकांना ती सवयच असते. शूलानने हे काही दिवस पाहिले आणि एकदा न राहवून विचारले, "काय बोलतो तो?"

"कोण?"

"पाव."

योंगशान गोंधळला. मग त्याने पाव पुन्हा कानाशी नेला. "म्हणतो, मी भाजून झालोय, आता या पोरीला द्या."

"खोटं. माझं नाव तरी घेतलं का त्यानं?"

"नाव त्याला ठाऊक नाही ना."

"शूलान," ती म्हणाली, आणि पाव घेऊन पटकन खाली बसली. कुंग उस्तादांनी तिकडून हाक दिली, "पावाशी गप्पा संपल्या असतील तर वाळूशी जरा बोलता का, बाईसाहेब?"

त्यानंतर तो रोज येऊ लागला. करपलेले पाव नसले तर चांगलेच पाव करपवून आणतो, असे टोळीतल्या बायका म्हणत. शूलान ते हसण्यावारी नेई. परंतु सकाळी कामाला बसताना ती आपली जागा कोपऱ्याच्या बाजूला धरू लागली, हे तिने मला स्वतः सांगितले आहे.

एके संध्याकाळी काम आटोपत असताना योंगशान तिच्यासमोरून एकदा गेला, परत आला आणि शेवटी थांबला.

"शूलान. उद्या कामानंतर रस्ता दाबायला येशील का?"

तिने मान वर केली. "कुठला?"

"हाच. इथून नदीपर्यंत."

"सबंध?"

"सबंध. आणि परत."

शूलानने रस्त्याकडे दूरवर पाहिले. "दोघांनीच?"

"दोघांनीच," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"अवघड आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "पण येईन."

वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून तिचा विचार कसा चालला होता ते सांगणे उचित आहे. त्या काळी प्रत्येक कारखान्याच्या माथी काही ना काही श्रमदान मारले जाई. कोणाला नाला उपसायला लावत, कोणाला बर्फ फोडायला. शूलानला वाटले, भट्टीच्या वाट्याला यंदा रस्त्याचे काम आले असावे, आणि इतरांनी अंग काढून ते सगळे या बिचाऱ्याच्या गळ्यात घातले असावे. याला वाळूचे आणि दगडाचे काय कळणार? म्हणून हा आपल्याला विचारतो आहे. आपल्यालाच विचारतो आहे, या गोष्टीचा तिला फार आनंद झाला. ती रात्रभर त्या आनंदात होती. सबंध शहरात कोणीतरी तिला, खेड्यातून आलेल्या मुलीला, सोबत मागितली होती. काम कोणते, याला तिच्या लेखी महत्त्व नव्हते.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती वेळेवर कोपऱ्यावर आली. योंगशान आधीच उभा होता. त्याने पांढरा शर्ट घातला होता, केस पाणी लावून विंचरले होते, आणि दोन्ही हातांत एकेक आइसकांडी होती. शूलानने गुडघ्यांना पोत्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या, गळ्यात पंचा टाकला होता आणि खांद्यावर धुम्मस घेतले होते.

"हे... हे काय?" योंगशान म्हणाला.

"धुम्मस. तुमच्याकडे आहे का? नसलं तर आळीपाळीनं घेऊ." ती त्याच्या शर्टाकडे पाहून काळजीने म्हणाली, "हा मळेल. सुरुवात इकडून करायची की नदीकडून?"

भट्टीच्या खिडकीत त्याचे सोबती दाटीवाटीने उभे होते. ते हे सगळे पाहण्यासाठीच थांबले होते. पहिल्यांदा एक जण हसला, आणि मग सगळी खिडकी हसू लागली.

"योंगशान, अरे घे की खांद्यावर! वरात काढ!"

"पोरगी शहाणी आहे! तुला ठोकून सरळ करायला हत्यार घेऊन आली!"

"वहिनी, जरा डोक्यावर मारा, तिथं पोकळ वाजतं!"

रस्त्याने जाणारे लोक थांबले. योंगशानसुद्धा हसला, परंतु ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसले नाही. त्याने एक आइसकांडी पुढे केली. "घे. वितळतेय."

"आणि रस्ता?"

"आज राहू दे," तो म्हणाला, आणि भट्टीच्या दारातून आत न जाता भलत्याच दिशेने निघून गेला.

शूलानने आइसकांडी खाल्ली. लोक का हसत आहेत, हे तिला कळेना. धुम्मस आणलेच आहे तर रिकाम्या हाताने परत कशाला जायचे, म्हणून तिने कोपऱ्यावरची सैल झालेली वाळू ठोकून घेतली. खिडकी पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशीपासून दगडी रस्त्यावर तिचे धुम्मसवाली असे नावच पडले. पोस्टातला माणूस, दुधाच्या दुकानातली बाई, कोणीही तिला पाहून म्हणे, "काय, दाबला का रस्ता?" तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या मोरीत कपडे धुताना तिने तोंग ताईंना विचारले. तोंग ताई तिच्याच टोळीत होत्या, पण शहरातल्या.

"ताई, मला काहीतरी समजलेलं नाही. त्यानं मला कामाला बोलावलं, मी गेले. यात हसण्यासारखं काय आहे?"

तोंग ताईंच्या हातातला साबण पडला. "अगं बये! कामाला? तो तुला फिरायला बोलावत होता!"

"मग फिरायला ये, असं का नाही म्हणाला?"

"तसं कोणी म्हणतं का? रस्ता दाबायला, असंच म्हणतात."

"पण मग रोलर?"

"तुम्हीच रोलर!" तोंग ताई म्हणाल्या आणि हसता हसता मोरीच्या काठावर बसल्या. मग त्यांनी शूलानचा चेहरा पाहिला आणि त्यांचे हसू थांबले. "तुला जायचं होतं का त्याच्याबरोबर?"

शूलान बराच वेळ एकच बाही घासत राहिली. "मी गेलेच होते की," ती म्हणाली.

तिने ठरवले की योंगशानला गाठायचे आणि खरे काय ते सांगायचे. मी थट्टा केली नाही, एवढेच. ती त्याच्या टोपलीची वाट पाहू लागली. परंतु त्या आठवड्यात पाव आले नाहीत. भट्टीत जावे तर ती खिडकी आडवी येई. शेवटी एका दुपारी मन घट्ट करून ती भट्टीच्या फाटकापाशी गेली.

"पेइ योंगशान?" फाटकावरचा म्हातारा म्हणाला. "तो हेइहेला गेला. तिकडे सीमेवर नवीन भट्टी काढलीय. थंडीमुळं जायला कोणी तयार नव्हतं. यानं परवा आपणहून हात वर केला." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिले. "तूच का ती धुम्मसवाली?"

शूलान आली तशीच परत फिरली.

हेइहेला निरोप धाडावा, असे तिच्या मनात अनेकदा आले. परंतु तिला लिहिता येत नव्हते. असला मजकूर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचा म्हणजे पुन्हा एकदा सगळ्या रस्त्याला हसवायचे. तिने ते केले नाही. एक गोष्ट मात्र तिने मनाशी पक्की धरली. हार्बिनचा माणूस कुठेही गेला तरी गावात परत आला की दगडी रस्त्यावर एकदा येतोच. नातेवाइकांकडे जायला विसरेल, पण तिथे आल्यावाचून राहणार नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ती तिथे फिरू लागली. एकटीच. नदीपर्यंत आणि परत. तोंग ताई म्हणत, "एकट्यानं रस्ता दाबला जात नाही गं, नुसते जोडे झिजतात." शूलान म्हणे, "जोडे झिजायलाच असतात."

पुढे तिचे लग्न झाले. नवरा ताओ हा बॉयलरघरात कामाला होता. तो चांगला माणूस होता. हे वाक्य मी शूलानबाईंच्या सांगण्यावरून मुद्दाम लिहीत आहे. तो दारू पीत नसे, पगार घरी आणी, आणि मुलीच्या, रुइच्या, आजारपणात रात्र रात्र जागे. फक्त त्याला फिरणे आवडत नसे. "उगाच कशाला चालायचं?" तो म्हणे. "पाय काय भाड्यानं आणलेत?" कधी जावेच लागले तर तो भराभरा पुढे जाई आणि मागे वळून विचारी, "राहिलीस कुठं?" शूलानबाईंनी त्याच्यावर राग धरला नाही. परंतु त्याच्या पाठीकडे पाहत चालताना त्यांना कळले की सोबत चालणे म्हणजे काय असते, हे आपल्याला अजून ठाऊकच नाही.

मग रस्त्यावरची वाहने बंद झाली आणि तो केवळ चालणाऱ्यांसाठी उरला. खांबांवर नवे दिवे आले, भट्टी गेली, तिच्या जागी कपड्यांचे दुकान झाले. लांबलांबून लोक येऊन तिथे दगडांची छायाचित्रे काढू लागले. ताओ वारला. रुइ दक्षिणेला सान्याला नोकरीसाठी गेली. शूलानबाईंचे गुडघे, सगळा जन्म वाळूवर टेकलेले, आता वाकेनासे झाले. तरी त्या रोज संध्याकाळी दगडी रस्त्यावर जात. हातात हात घालून चाललेली मुले पुढून येत. त्या बाजूला होऊन वाट देत आणि त्या मुलांचे बोलणे कानांवर पडेल तितके ऐकत.

"तू माझ्यावर रागावलायस का?"

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

"चालतोय ना तुझ्याबरोबर."

असे काही ऐकले की त्या थोडा वेळ तिथेच थांबून राहत.

गेल्या शरद ऋतूत, पाने गळू लागली होती तेव्हाची गोष्ट. शूलानबाई गुडघ्यांना विसावा म्हणून एका बाकावर बसल्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा, आणि मांडीवर मोठा गोल पाव. कोणीतरी त्यांना तिथे बसवून खरेदीला गेले असावे. त्यांनी पाव उलटा केला, बुडावर पेरांनी टकटक केली आणि कानाशी धरला.

"कच्चा," ते स्वतःशीच म्हणाले.

शूलानबाईंनी ती टकटक ओळखली. त्यांनी मला सांगितले की, त्या वेळी उठून पळून जावे, असेच पहिल्यांदा वाटले.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारले.

"पाव कच्चा आहे, ताई. भरीव वाजतोय. आमच्या वेळी असा पाव बाहेर काढला असता तर उस्तादांनी तोच फेकून मारला असता."

"तुम्ही भट्टीत होतात?"

"इथंच. त्या कोपऱ्यामागं. आता काय आहे तिथं? मला दिसत नाही. परवाच डोळा कापलाय."

"कपड्यांचं दुकान आहे. हेइहेत असल्या शस्त्रक्रिया होत नाहीत का?"

म्हाताऱ्यांनी मान वळवली. "मी हेइहेचा, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

शूलानबाईंनी जीभ चावली. "भट्टीतले काही जण ओळखीचे होते," त्या कसेबसे म्हणाल्या. "तिकडे कोणी गेलं होतं, असं ऐकलं होतं."

"अस्सं!" ते खूश झाले. "मग तुम्हांला धुम्मसवालीची गोष्ट ठाऊकच असणार."

"तुम्ही सांगा."

त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली होती. कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, हे सगळे त्यांच्या अंगवळणी पडले होते. पांढरा शर्ट, दोन आइसकांड्या, खिडकीतली मंडळी. "नाही म्हणायच्या पोरींच्या हजार तऱ्हा असतात, ताई. कोणी म्हणतं आईला विचारते, कोणी म्हणतं डोकं दुखतंय. पण खांद्यावर धुम्मस! काय डोकं असेल त्या पोरीचं! आमची बायको होती तोवर पाहुण्यांना हीच गोष्ट सांगायची."

"तेव्हा राग आला होता?"

"राग?" ते जरा थांबले. "लाज वाटली. रोज त्याच लोकांत उभं राहून पीठ मळायचं होतं. म्हणून लांब गेलो. मग काय, हेइहेच्या थंडीत लाजसुद्धा गोठून जाते. नंतर हसू यायला लागलं."

ज्या गोष्टीसाठी शूलानबाई इतकी वर्षे चालल्या, ती सांगण्याची वेळ समोर आली होती. परंतु या माणसाने आपल्या लाजेची एक हसरी गोष्ट करून घेतली होती आणि तिच्या आधाराने तो सुखाने म्हातारा झाला होता. ती गोष्ट मोडावी का? त्यांनी मला सांगितले की, समोरून माणसे जात होती, येत होती, आणि त्यांना एकही चेहरा दिसत नव्हता.

"ती नाही म्हणाली नव्हती," शेवटी त्या म्हणाल्या.

"अं?"

"तिला वाटलं, खरंच रस्ता दाबायचा आहे. श्रमदान आहे. खेड्यातली होती ती. तिच्या गावात धड रस्ताच नव्हता, मग ते शब्द तिला कोण सांगणार?"

"हे तुम्हांला तिनं सांगितलं?"

"ती हातमोजे घेऊन आली होती. दोन जोड. एक स्वतःचा आणि एक तोंग ताईंकडून मागून आणलेला. भट्टीतल्या माणसाच्या हाताला धुम्मसानं फोड येतील म्हणून. ते खिशातच राहिले. कोणी पाहिले नाहीत."

म्हाताऱ्यांच्या हातातला पाव तसाच राहिला. रस्त्यावर कोणीतरी फुगे विकत ओरडत होते. ते ओरडणे दूर गेले.

"शूलान," ते म्हणाले.

"हो."

"दोन जोड?"

"हो."

"मी गाढव. निदान विचारायला तरी हवं होतं."

"मीही विचारायला हवं होतं. सबंध रस्ता दोघांनी कसा दाबायचा, हे तरी."

त्यावर ते हसले. पूर्वी हसले होते तसे नव्हे, हे शूलानबाईंनी मला दोनदा सांगितले. मग ते हसणे लांबले आणि त्यांना खिशातून रुमाल काढावा लागला. "रडायला मनाई आहे," ते म्हणाले. "डॉक्टर ओरडेल."

"मग रडू नका."

"तू बदललीस का? मला दिसत नाही."

"बदलले. बरं झालं दिसत नाही ते."

तेवढ्यात त्यांची भाची पिशव्या घेऊन आली. "मामा, चला, गाडी कोपऱ्यावर उभी आहे. संध्याकाळची आगगाडी चुकेल. या आजी कोण?"

"जुन्या ओळखीच्या," ते म्हणाले.

शूलानबाईंनी त्यांच्या कोपराखाली हात दिला आणि त्यांना कोपऱ्यापर्यंत नेले. दगड उंचसखल होते आणि त्यांचे पाऊल चाचपडत पडत होते. दोघेही फार सावकाश चालले. कोणी पुढे गेले नाही, कोणी मागे राहिले नाही.

"झालं की दाबून," ते म्हणाले.

"हे धरायचं नाही. हे तर तुम्हांला गाडीत बसवणं झालं. नदी तिकडे राहिली."

"मग दुसरा डोळा कापायला येईन तेव्हा. नव्या वर्षानंतर कधीतरी, डॉक्टर बोलावेल तेव्हा. घर कुठं तुझं?"

"मागच्या गल्लीत, तांबड्या विटांची इमारत. खाली जोडे शिवणारा बसतो. अंगणात उभं राहून ग्वान म्हणून हाक मारा."

फोनचा नंबर मागणे दोघांनाही सुचले नाही. त्या वयाची माणसे आधी घर विचारतात. भाचीने दार लावले आणि गाडी निघून गेली.

त्यानंतर पंधरवड्याने रुइचा फोन आला. आदल्या हिवाळ्यात शूलानबाई बर्फावर पडल्या होत्या, म्हणून यंदा तिने आईला सान्याला नेण्याचे ठरवून तिकीट काढले होते. थंडीत दक्षिणेला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना आमच्याकडे पाखरे म्हणतात. आमच्या इमारतीतली अर्धी माणसे आता पाखरे झाली आहेत. शूलानबाईंनी जाण्यास नकार दिला. मी त्या वेळी त्यांच्याच खोलीत बसले होते. रुइचा आवाज मोठा होता, त्यामुळे सगळे ऐकू येत होते.

"आई, असं काय अडलंय तुझं तिथं?"

"रोज फिरायला जाते मी."

"या गुडघ्यांनी? बर्फात? इथं समुद्र आहे, समुद्राकाठी फीर!"

"तिथं दगड नाहीत."

"आई! रस्ता काय पळून जातोय?"

"रस्ता नाही जात," शूलानबाई म्हणाल्या.

बापाच्या माघारी लेकीला असले काही कसे सांगावे? आणि रुइची काळजी खरी होती. ती फोनवर रडू लागली तेव्हा शूलानबाईंनी होकार दिला. फोन ठेवल्यावर त्या खिडकीशी बसून दिवस मोजू लागल्या. योंगशान येतील ते थंडीतच, आणि आपण परत येणार ते नदीचा बर्फ फुटल्यावर. एवढा साधा हिशेब होता, आणि त्यातून वाट निघत नव्हती.

निघण्याच्या सकाळी त्या खाली माझ्याकडे आल्या. जाड कोट घातलेला, बोचके हातात. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुझी खिडकी अंगणाकडे आहे. कोणी ग्वान म्हणून हाक मारली तर तू बाहेर ये. त्याला आत घे, शेगडीजवळ बसव. तो माझी चौकशी करेल. तेव्हा त्याला 'नाही' असं म्हणू नकोस. घरी नाही, गावात नाही, असलं काहीच म्हणू नकोस. एवढंच सांग, वसंतात येते."